लेकींनी मागितलेली दाद

वृद्ध मातापित्यांचे पोषण अपत्यांनी करावे, ही आज्ञा इंग्लंडच्या कायद्यात १६०१ सालापासून होती आणि १९४८ साली राष्ट्रीय साहाय्याचा नवा कायदा अमलात आला तेव्हाच ती रद्द झाली. परंतु या साडेतीन शतकांत पोषणाचा बोजा कोणावर टाकावा याची जितकी चर्चा झाली, तिच्या शतांशानेही अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस मध्यरात्री कोण बदलते आणि तसे करता करता त्या बदलणारीचे आयुष्य कोठे निघून जाते, याचा विचार कोणी केला नाही.

तो विचार सरकारदरबारी नेला मेरी वेब्स्टर यांनी. या बाई काँग्रिगेशनल पंथाच्या धर्मोपदेशिका. १९५४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी त्यांनी आपले पद सोडले. नऊ वर्षांनी, १९६३ साली, त्यांनी वृत्तपत्रांना पत्रे लिहून एवढेच मांडले की, ज्या अविवाहित स्त्रीवर आईबाप अवलंबून आहेत, तिने नोकरी करावी तर घरी वृद्धांकडे पाहणारे कोणी नाही, आणि नोकरी सोडावी तर आजची मिळकत जाते व तिच्याबरोबर उतारवयाचे पेन्शनही तुटते. देशभरातून उत्तरे आली. ज्या स्त्रिया आपले दुःख हे केवळ आपल्या घरचे दुर्दैव समजून मुकाट सोसत होत्या, त्यांना आपल्यासारख्या इतरही पुष्कळ आहेत हे त्या पत्रांनी प्रथमच कळले. आणि आईवडील निवर्तल्यावर पन्नाशीच्या घरात पोचलेल्या, हाती उद्योग नसलेल्या आणि राहते घर टिकेल की नाही याचीही शाश्वती नसलेल्या या लेकींची १९६५ साली एक राष्ट्रीय परिषद उभी राहिली. वेब्स्टरबाई १९६९ सालीच वारल्या. आपल्या कार्याची फळे पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही, याची हळहळ हा इतिहास वाचताना वारंवार वाटते.

१९७१ साली परिचर्या-भत्ता सुरू झाला. तो रुग्णाच्या नावे मिळे, शुश्रूषा करणाराच्या नव्हे. तथापि त्याच्या अटींतली एक बाब मला फार मोलाची वाटते. उठवणे-बसवणे, न्हाऊ-खाऊ घालणे या शारीरिक साहाय्याबरोबरच, रुग्णाकडून स्वतःला वा दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून त्याच्यावर सतत नजर ठेवावी लागणे, हेही त्या कायद्याने श्रम म्हणून मान्य केले. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरात ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना या मान्यतेचे महत्त्व निराळे सांगावयास नको: हातपाय धड असलेले वडील अपरात्री कडी काढून रस्त्याला लागतात, पेटवलेला गॅस विसरतात, जन्मभराच्या सहचारिणीला परकी समजून घराबाहेर काढू पाहतात, आणि त्यांच्यामागे अहोरात्र जागणारी व्यक्ती दिवसभर काय करते, असे कोणी विचारले तर तिला बोट दाखवता येईल असे एकही काम सापडत नाही.

खुद्द शुश्रूषा करणारीच्या हाती पैसा देणारा भत्ता १९७६ साली आला. आठवड्याला किमान पस्तीस तास सेवा ही त्याची अट. परंतु विवाहित स्त्रियांना तो नाकारलेला होता, कारण त्या एरवीही घरीच असतात, असे सरकारने गृहीत धरले होते. १९७८ पासून पेन्शनच्या हिशोबात शुश्रूषेच्या वर्षांना संरक्षण मिळाले, १९७९ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या आप्तांसाठी अल्झायमर सोसायटी निघाली; विवाहितांवरचा अन्याय मात्र तसाच राहिला. अखेर अपंग आईसाठी १९८४ साली नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक या विवाहित कन्येचा दावा लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेला, आणि २४ जून १९८६ रोजी निकाल तिच्या बाजूने लागला. आदल्याच दिवशी ब्रिटिश सरकारने हा भत्ता विवाहित स्त्रियांनाही देण्याचे जाहीर करून टाकले होते.

पुढच्याच वर्षी, १९८७ साली, विवाहित कन्येचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. कल्याणला वैद्यकी करणाऱ्या एका लेकीवर तिच्या वडिलांनी पोटगीचा अर्ज केला होता, आणि आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही असते, असा निर्णय न्यायालयाने दिला. तो निर्णय मला न्याय्य वाटतो. कन्या म्हणून वारसा मागावा आणि कर्तव्य तेवढे भावाकडे ढकलावे, हे कोणत्याही समतेत बसत नाही. परंतु तिकडे ज्या सुमारास लेकीच्या पदरी हक्क पडला, त्याच सुमारास इकडे तिच्या वाट्याला कर्तव्य तेवढे आले. २००७ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी झालेल्या आपल्या कायद्याने न्यायाधिकरणे नेमली आणि महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता अपत्यांकडून वसूल करण्याची सोय केली. आईसाठी नोकरी सोडून घरी बसलेल्या लेकीच्या किंवा सुनेच्या विश्रांतीची, मिळकतीची अथवा पेन्शनची तरतूद त्यातल्या एकाही कलमात नाही.