हेलसिंकी ते टोकियो : एका अंतराचा इतिहास

पृथ्वीच्या गोलावर हेलसिंकी आणि टोकियो यांच्यामध्ये दोरा ताणून धरला तर तो सुमारे ७,८०० कि.मी. भरतो, त्याचा बराचसा भाग रशियाच्या भूमीवरून, मुख्यतः सायबेरियावरून जातो. हा आकडा भूगोलाचा आहे, तो बदलत नाही. विमानाला लागणारा वेळ मात्र १९८३ साली तेरा तास होता, पुढे साडेनऊ तासांवर आला आणि २०२२ मध्ये पुन्हा तेरा तासांवर गेला. या काळात विमाने सुधारतच गेली. तेव्हा या चढउताराचे कारण यंत्रांत शोधून उपयोग नाही.

शीतयुद्धाच्या काळात सायबेरियावरचे आकाश पाश्चात्त्य विमानांना जवळजवळ बंदच होते. म्हणून १९५७ साली 'एसएएस' या स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाच्या बाजूने, अलास्कातील अँकरेज येथे थांबा घेत, टोकियो गाठण्याचा मार्ग सुरू केला. अँकरेजचा विमानतळ पुढे कित्येक वर्षे युरोप आणि जपान यांच्यामधली धर्मशाळा होऊन बसला. एप्रिल १९८३ मध्ये 'फिनएअर'च्या डीसी-१० विमानाने हा थांबाही टाळला आणि ध्रुव व बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून थेट टोकियो गाठले. हा पराक्रम खराच. पण तो वळसा घालण्याचा पराक्रम होता, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलकडे निघालेले कोरियन विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. त्यात २६९ माणसे गेली. नकाशावरील रेषेचा अर्थ इतक्या उघडपणे क्वचितच वाचायला मिळतो.

मराठीत 'मजल' हा शब्द मुक्कामालाही लागतो आणि एका दिवसात कापलेल्या वाटेलाही. 'मजल दरमजल' जाणाऱ्याच्या लेखी अंतर आणि काळ वेगळे नव्हते. वाटेत नदीला पूर आला किंवा मुलूख शत्रूचा असला, की गाव आपोआप लांब जाई. किलोमीटरने हे नाते तोडले असे आपण समजतो. आम्हांस ते तितकेसे पटत नाही.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर सायबेरियाचे आकाश खुले झाले, अर्थात शुल्क मोजून. युरोपच्या कडेला पडलेले हेलसिंकी एकाएकी पूर्व आशियाच्या वाटेवर आले आणि फिनएअरने आपला बहुतेक आशियाई व्यापार याच जवळिकीवर उभारला. युक्रेनवरील आक्रमणानंतर, फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, युरोपीय संघाने आणि रशियाने परस्परांना आकाश बंद केले. मार्चमध्ये फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवावरून टोकियोला जाऊ लागली. ध्रुव ओलांडल्याबद्दल प्रवाशांना प्रमाणपत्रही मिळू लागले. १९५७ साली एसएएसनेही ते दिले होते.