शब्बाथशाळेतून आलेले पालुपद

१८६० साली अमेरिकेत निघालेल्या एका कादंबरीत, अंथरुणाला खिळून शेवटच्या घटका मोजणाऱ्या मुलाला त्याचे शब्बाथशाळेतले गुरुजी एक छोटी कविता ऐकवतात. येशूचे प्रेम एवढाच तिचा विषय. ती अ‍ॅना वॉर्नर यांनी लिहिली होती. दोन वर्षांनी विल्यम ब्रॅडबरी यांनी तिला चाल लावली आणि मूळ कवितेत नसलेले एक पालुपद पदरचे जोडले. पुढे जगभर पसरले ते हेच पालुपद.

एकोणिसाव्या शतकातल्या शुभवर्तमान-गीतांचे कूळ शोधताना मला हे पालुपदच सर्वांत महत्त्वाचे वाटते. आयझॅक वॉट्स, चार्ल्स वेस्ली यांची जुनी गीते कडव्यामागून कडवे अर्थ उलगडत जात. ती गायला हातात पुस्तक लागे. १८००च्या सुमारास केंटकीच्या रानात तंबू ठोकून भक्तिमेळावे भरू लागले. तिथे जमलेल्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती. पुढच्याने कडवे म्हणायचे आणि जमावाने पालुपद उचलायचे, ही रीत तिथे रुजली. ब्रॅडबरींसारख्यांनी ती शब्बाथशाळेतल्या मुलांसाठी सुबक करून छापली. ती मुले मोठी झाली, आणि गाणी त्यांच्याबरोबर देवळात आली.

या गीतांची सर्वांत मोठी कवयित्री फॅनी क्रॉस्बी (१८२०–१९१५). तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. न्यूयॉर्कच्या अंधशाळेत त्या शिकल्या आणि तिथेच शिक्षिका झाल्या. १८६४पासून त्या ब्रॅडबरींसाठी लिहू लागल्या. गीत मनातल्या मनात पुरे रचायचे आणि मग कुणाला तरी उतरवून घ्यायला सांगायचे, ही त्यांची पद्धत. आठ हजारांवर गीते त्यांनी लिहिली. एकाच पुस्तकात एकच नाव फार वेळा दिसू नये म्हणून प्रकाशक त्यांची गीते टोपणनावांनी छापत; अशी नावे दोनशेच्या घरात गेली. मोबदला गीतामागे एक-दोन डॉलर! त्यांच्या कित्येक गीतांना चाली देणारे विल्यम डोन हे लाकूडकामाच्या यंत्रांचे कारखानदार. १८६८ साली ते गाडी पकडायच्या घाईत क्रॉस्बींकडे आले आणि नवी चाल वाजवून दाखवली. अर्ध्या तासात गीत तयार झाले, असे सांगतात.

या प्रकाराला नाव मिळाले ते १८७४ साली फिलिप ब्लिस यांच्या ‘गॉस्पेल साँग्स’ या संग्रहामुळे. पुढच्याच वर्षी आयरा सँकी यांच्यासह त्यांनी दुसरा संग्रह काढला. १८७६च्या डिसेंबरात ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्युला इथे पूल कोसळून आगगाडी नदीत पडली आणि पेटली. तीत ब्लिस आणि त्यांची पत्नी दोघेही गेले. ब्लिस तेव्हा अवघे अडतीस वर्षांचे होते.

सँकी पूर्वी सरकारी महसूल खात्यात नोकरीला होते. प्रवचनकार ड्वाइट मूडी यांच्याबरोबर ते १८७३मध्ये ब्रिटनला गेले. स्कॉटलंडच्या बऱ्याच देवळांत तेव्हा वाद्य वर्ज्य होते. दाविदाची स्तोत्रेच गायची, तीही नुसत्या गळ्याने. ऑर्गनला तिथे ‘शिट्ट्यांची पेटी’ म्हणून हिणवत. अशा ठिकाणी सँकी छोटी पेटी घेऊन एकटे गायला बसले, आणि एडिंबरोने त्यांना उचलून धरले. गीतपुस्तकांची मिळकत दोघांनी स्वतःकडे ठेवली नाही. शिकागोतले जळालेले देऊळ नव्याने उभे राहिले त्याला ती उपयोगी पडली, आणि पुढे शाळांनाही.

संगीताचे जाणकार या गीतांना उथळ म्हणत आले आहेत. तीन-चार स्वरमेळ, सोपी लय, भावनेचा पूर. हा आक्षेप मला पटत नाही. पहिल्यांदा देवळात पाऊल टाकणाऱ्यालाही दुसऱ्या कडव्यापर्यंत गाण्यात सामील होता यावे, यासाठीच ती रचना होती; आणि इतके सोपे लिहिणे कठीण असते.

मिशनऱ्यांबरोबर ही गीते भाषांतरित होऊन मराठी मंडळ्यांतही आली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मात्र ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि ओवीची वाट धरली. त्यांची पदे ‘उपासना संगीत’मधून आजही गायली जातात. कडवे एकाने म्हणायचे आणि पालुपद सगळ्यांनी झेलायचे, हे मराठी माणसाला कुठल्याही मिशनऱ्याने शिकवावे लागले नाही.