मानवी तस्करी प्रतिबंध, आयर्लंडमधील

माणसांना फसवून, धाकात ठेवून वा त्यांच्या अगतिकतेचा फायदा घेऊन देहविक्रय, वेठबिगारी, भीक किंवा गुन्हेगारी कामांना जुंपण्याविरुद्ध आयरिश सरकारने उभारलेली यंत्रणा. तिचा पाया म्हणजे जून 2008 मध्ये अमलात आलेला कायदा. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. भीक आणि गुन्हेगारी कामे 2013 च्या दुरुस्तीने त्यात आली. पीडित असल्याची शक्यता दिसलेल्या परदेशी व्यक्तीला सावरण्यासाठी 60 दिवस राहू देतात. पुढे तपासाला सहकार्य केल्यास सहा महिन्यांचा तात्पुरता परवाना मिळतो.

कायदा कडक, पण शिक्षा होईनात. प्रौढांच्या तस्करीबद्दल या कायद्याखाली पहिले आरोपी दोषी ठरायला 2021 साल उजाडले. मलिंगारच्या न्यायालयात दोन महिलांवर खटला चालला. नायजेरियातून आणलेल्या बायकांना निघण्यापूर्वी जादूटोण्याची शपथ घालण्यात आली होती. त्या धाकाने त्या गप्प राहत. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वार्षिक अहवालाने 2020 व 2021 मध्ये आयर्लंडला निगराणी यादीत टाकले होते. सधन युरोपीय देशाला ही नामुष्कीच होती.

खरी गोम पीडित ओळखण्यात होती. तो अधिकार केवळ पोलिसांकडे, म्हणजे गार्डांकडे होता. गांजाची लागवड केलेल्या इमारतीत सापडलेल्या एका व्हिएतनामी महिलेला पीडित न मानता आरोपी म्हणून तुरुंगात ठेवले गेले. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने ओळख पटवण्याची ही पद्धतच अपुरी ठरवली. इतर सरकारी खाती आणि स्वयंसेवी संस्थांनाही या कामात स्थान देणारी तरतूद कायद्यात यायला मात्र 2024 उजाडले.

श्रमशोषणाची प्रकरणे आणखी निसटती. डब्लिनमधील एका उपाहारगृहातला पाकिस्तानी आचारी नातेवाइकाकडेच वर्षानुवर्षे नाममात्र पैशांवर राबला. मालकाने त्याच्या रोजगार परवान्याचे नूतनीकरणच केले नाही. त्याला मंजूर झालेले सुमारे 92 हजार युरो 2012 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले: परवाना नाही, म्हणून करार बेकायदा! 2014 च्या कायद्याने अशा कामगारांना थकीत वेतनासाठी दाद मागण्याची वाट दिली आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आचाऱ्याची रक्कम पुन्हा बहाल केली.

मालकाच्या हाती असलेला परवाना हेच अशा धाकाचे साधन. दक्षिण डब्लिनमधील सँडीफोर्डसारख्या कार्यालयांच्या उपनगरात परवान्यावर आलेला संगणक अभियंता आणि स्वयंपाकघरात राबणारा कामगार यांच्या परवान्यांची नावे वेगळी. पण दोन्ही परवाने ठरावीक मालकाशी बांधलेले. फरक इतकाच, की अभियंत्याला दुसरी नोकरी मिळते. 2024 च्या रोजगार परवाना कायद्याने नऊ महिन्यांनंतर मालक बदलण्याची मुभा दिली. तस्करीविरोधी म्हणून तो कुणी मोजत नाही, तरी मालकाच्या हातातला धाक थोडाफार कमी केला तो या तरतुदीने.