समुद्राची वाट आणि आपले शूर्पारक

समुद्र म्हटला की आपल्या आगाशीकरांच्या डोळ्यांपुढे अर्नाळ्याचा किनारा येतो, वाळत घातलेले बोंबील येतात आणि रविवारी मुंबईहून लोटणारी गर्दी येते. पण या समुद्राने आपल्याला इतिहासही दिला, हे शाळेत कुणी धड सांगितले नाही. म्हणून विहाराच्या वर्धापनदिनी हे चार शब्द.

शेजारचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. आज तिथे लोकल थांबते, दोन हजार वर्षांपूर्वी तिथे जहाजे थांबत. नैऋत्येचे वारे मिसर देशाकडून जहाजे इकडे आणीत, हिवाळ्यातले वारे परत नेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने बंदरांची माहिती लिहून ठेवली, तीत सोपाऱ्याचे नाव आहे. मालाबरोबर विचारही फिरला. कार्ल्याच्या लेण्यातला एक खांब सोपाऱ्याच्या भिक्खूने दान दिला, तसे त्यावर कोरलेच आहे.

'दिव्यावदान' ग्रंथातल्या कथेतला पूर्ण इथलाच. बाप व्यापारी, आई दासी. वाटणीच्या वेळी भाऊ म्हणाले, दासीच्या पोराला कसला वाटा? तोच पूर्ण सहा वेळा समुद्र पार करून सुखरूप आला. सातव्या खेपेला श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून त्याने बुद्धवचन ऐकले आणि तो भिक्खू झाला. ही कथा आहे खरी, पण तिचा अर्थ पक्का आहे: लाट कुणाची जात विचारीत नाही.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा मिळाला जवळच्या भुईगावला, १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी! त्या नवव्या लेखात अशोक म्हणतो की आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे हेच खरे मंगल. बंधू-भगिनींनो, हे आपल्या दारात सापडले आहे!

मग हे वैभव गेले कुठे? खाडी गाळाने भरली, हे एक कारण. दुसरे माणसांनी केलेले. बौधायनाच्या धर्मसूत्राने समुद्रप्रवास पापात धरला. वाट बंद झाली की जग आकसते आणि जातीच्या भिंती जाड होतात, असे आम्हाला वाटते. समुद्र मात्र मोकळाच होता. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली, ती १७३९ साली चिमाजी अप्पांनी सोडवली.

१९१३ साली बाबासाहेब बोटीने अमेरिकेला गेले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकले. दासीपुत्र पूर्णाची वाट पुन्हा उघडली.

आम्ही गिरणीवाले हे जाणतो. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी झाली आणि मुंबईच्या कापसाचा भाव चढला. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एक जहाज अडकले आणि जगाचा माल सहा दिवस खोळंबला. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. कोळी बांधव आपल्या पोटाचा प्रश्न विचारीत आहेत. अशोकाचे माप लावा: बंदरात राबणाऱ्या आणि किनाऱ्यावर जगणाऱ्या माणसाशी कोण कसे वागतो?

मुलांना घेऊन एकदा सोपाऱ्याचा स्तूप जरूर पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!