नाताळासाठी घरी येणे : वसईची परंपरा, प्रवास आणि गाठीभेटी

आगमनकाळाचा तिसरा रविवार येतो, वेदीजवळच्या चक्रातील गुलाबी मेणबत्ती पेटते आणि वसईच्या गावागावांत मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : "तुमची माणसे केव्हा येणार?" कोणाचा मुलगा आखातात, कोणाची लेक कॅनडात, कोणाचा जावई जहाजावर, तर कोणाचा भाऊ अवघ्या तासाभराच्या अंतरावर अंधेरीला. प्रश्न मात्र सर्वांना सारखाच विचारला जातो. नाताळासाठी घरी येण्याच्या या परंपरेचा अर्थ काय, तिचा इतिहास कोणता आणि ती जपण्यासाठी आपण काय करावे, याचा परामर्श आम्ही या लेखात घेत आहोत.

पहिला नाताळ : गावाकडचा प्रवास

संत लूकच्या शुभवर्तमानानुसार ख्रिस्तजन्माची कथा एका प्रवासानेच सुरू होते. कैसर औगुस्ताच्या आज्ञेने शिरगणती व्हायची होती आणि प्रत्येकाने नोंदणीसाठी आपापल्या गावी जायचे होते. योसेफ दाविदाच्या घराण्यातील असल्यामुळे तो गरोदर मरियेसह नाझरेथहून बेथलेहेमला निघाला. म्हणजे हा प्रवास पूर्वजांच्या गावाकडचा होता. तरीही त्या गावात त्यांना उतरण्यास जागा मिळाली नाही आणि बाळाला गव्हाणीत निजवावे लागले. गावी पोहोचणे आणि गावाने आपल्याला सामावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या कथेतून दिसते. म्हणूनच नाताळच्या घरी येण्याचा विचार करताना येणाऱ्याची तयारी जितकी महत्त्वाची, तितकीच घरच्यांची.

वसईकरांचे येणे-जाणे

दूरदेशी जाणे वसईला नवे नाही. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली. त्यानंतर १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत हे बंदर गोवा आणि पूर्वेकडील सागरी मार्गांशी जोडलेले होते. याच वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया किशोरवयातच येशूसंघीय धर्मगुरूंसोबत जपानला गेले. पुढे त्यांनी व्यापार केला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ते क्रुसावर हुतात्मा झाले. आपल्या भूमीचे हे थोर सुपुत्र परतून घरी आले नाहीत. ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद बहाल झाले आणि आज गासच्या चर्चमध्ये त्यांच्या नावाने भाविक एकत्र येतात. जो घरी येऊ शकला नाही, त्याचेही घरात स्थान राहते, याची ही साक्ष होय.

रोजचे येणे-जाणे मात्र रेल्वेने सुरू झाले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी धावली. वसईची भाजी, फुले, केळी, विड्याची पाने आणि दूध मुंबईच्या बाजारात जाऊ लागले. मागोमाग वाडीतील तरुण नोकरीसाठी जाऊ लागले, काही तिकडेच स्थायिक झाले. त्यानंतरच्या पिढ्यांनी जहाजांवर आणि आखातात काम शोधले, आणि अलीकडे कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथेही आपली कुटुंबे वसली आहेत. आपल्या गावांतून धर्मगुरू आणि धर्मभगिनीही देशाच्या कानाकोपऱ्यांत सेवेला गेल्या. घरी येण्याची वाट अशी पिढ्यांमागून पिढ्या लांबत गेली.

आज येणारे आणि जाणारे

नाताळात वसईकडे येणाऱ्यांचा विचार आपण नेहमी करतो, परंतु वसईहून जाणाऱ्यांची संख्याही आता मोठी आहे. वसई, नालासोपारा आणि विरारच्या पूर्व भागांत सिंधुदुर्ग, गोवा, मंगळूर, केरळ आणि तामिळनाडू येथून आलेली अनेक कॅथोलिक कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत राहतात. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर खुली झाली. त्याच वर्षी, २२ मे रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी मुंबई महाधर्मप्रांतातून आपला वसई धर्मप्रांत वेगळा केला. वसई रोडहून दिवामार्गे कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांनी डिसेंबरात कितीतरी शेजारी आपापल्या गावी जातात. ज्यांना जाणे परवडत नाही किंवा रजा मिळत नाही, ते मात्र येथेच, बंद दाराआड, एकटे सण काढतात. स्थानिक कुटुंबांनी अशा एखाद्या घराला जेवणाचे आमंत्रण द्यावे, अशी आमची विनंती आहे. बेथलेहेममध्ये न मिळालेली जागा देण्याची संधी आपल्याला अशी दरवर्षी मिळत असते.

प्रवासाची तयारी

१. रेल्वेचे आरक्षण : १ नोव्हेंबर २०२४ पासून लांब पल्ल्याच्या गाड्यांचे आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. म्हणजे २३ डिसेंबरच्या गाडीचे तिकीट २४ ऑक्टोबरपासून मिळते. परतीच्या तिकिटाचीही त्याच हिशेबाने आठवण ठेवावी.

२. रजा : संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत २५ डिसेंबर ही सरकारी सुट्टी नसते. तेथील आपल्या बांधवांना स्वतःच्या रजेतूनच यावे लागते. त्यामुळे लग्न, बारसे किंवा वडिलांचे श्राद्धमिस्सा यांच्या तारखा ठरवताना घरच्यांनी त्यांना आधी विचारावे.

३. लोकल गाड्या : सुट्टीच्या दिवशी गाड्या कमी असू शकतात आणि रविवारी ब्लॉकही असतो. वृद्ध व लहान मुलांसह येणाऱ्यांनी वेळापत्रक पाहूनच निघावे.

४. रस्ता व जलमार्ग : महामार्गाने येणाऱ्यांना वसई खाडीवरील वर्सोवा पुलापाशी वर्दळ गृहीत धरावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर ते वसई अशी रो-रो फेरी सुरू झाल्याने खाडी ओलांडण्याचा आणखी एक मार्ग उपलब्ध झाला.

सणाचे दिवस

उपासनावर्षात नाताळ हा एका दिवसाचा सण नव्हे. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांना उपयोगी पडावा म्हणून त्याचा क्रम येथे देत आहोत.

२४ डिसेंबर : सायंकाळपासून जागरणविधी. नाताळासाठी पूर्वसंध्येची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची अशा चार मिस्सांची वेगवेगळी वाचने नेमलेली आहेत. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावरील निर्बंधांमुळे अनेक ठिकाणी 'मध्यरात्रीची' मिस्सा लवकर सुरू होते. लहानपणीच्या वेळेवर विसंबून न राहता चर्चचा सूचनाफलक पाहावा.

२५ डिसेंबर : ख्रिस्तजन्माचा सोहळा. पहाटेच्या मिस्सेत मेंढपाळांनी बेथलेहेमला जाऊन बाळाला पाहिल्याचे शुभवर्तमान वाचले जाते. नाताळच्या गाठीभेटींचे मूळ आम्हांला याच वाचनात दिसते.

२६ व २८ डिसेंबर : अनुक्रमे हुतात्मा संत स्तेफन आणि निष्पाप बालके यांचे सण.

नाताळनंतरचा रविवार : पवित्र कुटुंबाचा सण. नाताळ रविवारी आल्यास हा सण ३० डिसेंबरला होतो. सर्व भावंडांनी एकत्र मिस्सेला जाण्यास याहून योग्य दिवस नाही.

१ जानेवारी : देवमाता मरियेचा सोहळा. त्यानंतरच्या रविवारी आपल्याकडे प्रभुप्रकटनाचा सोहळा साजरा होतो. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोकही शेवटी प्रवासीच होते.

भेटीची रीत

गावात फेरफटका मारला की घरोघरी चांदण्या, कंदील आणि तरुणांनी रात्र रात्र जागून उभारलेले गोठे दिसतात. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्यो येथे ख्रिस्तजन्माचा जिवंत देखावा उभा केला, तेव्हापासून ही भक्ती जगभर रुजली. घराघरांत करंज्या, कुलकुल, नानखटाई आणि केकची ताटे शेजाऱ्यांसाठी भरली जातात. लेकी माहेरी येतात, नातवंडे आजीच्या अंगाखांद्यावर खेळतात. परत जाणाऱ्याच्या पिशवीत आगाशीकडची सुकेळी हमखास असते.

हे सर्व आनंदाचे आहे. तथापि गेल्या काही वर्षांत एक बदल आम्हांला जाणवतो. माणसे येतात, परंतु भेटी होत नाहीत. चार दिवसांच्या मुक्कामात खरेदी, मेळावे आणि सहली बसवल्या जातात. थोरल्या काकूला किंवा अंथरुणाला खिळलेल्या मामांना फोनवरून शुभेच्छा पाठवून समाधान मानले जाते. आजारी व वृद्धांना नाताळपूर्वी घरी ख्रिस्तशरीर दिले जाते. त्या वेळी बहुतेकांच्या बोलण्यात केकचा नव्हे, तर येणाऱ्या माणसाचाच विषय असतो. कोणी पलंगाशेजारची खुर्ची आधीच पुसून ठेवलेली असते. त्या खुर्चीवर कोणी बसलेच नाही, तर हजारो मैलांचा प्रवास उंबरठ्याबाहेरच संपला असे म्हणावे लागेल.

म्हणून येणाऱ्यांना आम्ही तीन गोष्टी सुचवतो. पहिली, भेटींची सुरुवात सर्वांत वृद्ध आणि सर्वांत आजारी व्यक्तीपासून करावी. तरुणांना पुढील वर्ष आहे, त्यांना कदाचित नसेल. दुसरी, या वर्षी ज्या घरात मृत्यू झाला, तेथे अवश्य जावे. सुतकाच्या घरी नाताळ नसतो असे समजून लोक टाळतात आणि ते घर अधिकच एकटे पडते. दफनभूमीत मेणबत्ती लावावी आणि नंतर त्या घरी थोडा वेळ बसावे. तिसरी, ज्या भावाशी वाडीच्या वाटणीवरून बोलणे बंद आहे, त्याच्या दारी एकदा जाऊन यावे. जमिनीचे भाव वाढले, बावखले बुजली आणि इमारती उभ्या राहिल्या, तशा कितीतरी घरांत भिंतीही उभ्या राहिल्या. आगमनकाळातील पापनिवेदन ही त्या दारापर्यंत जाण्याची पहिली पायरी ठरू शकते. न्यायालयातील वाद एका भेटीने मिटणार नाही, हे आम्ही जाणतो. पण पुतण्यांना काकाचे घर तरी ओळखीचे राहील.

जे येऊ शकत नाहीत

२०२०चा नाताळ आपण विसरलेलो नाही. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा त्या वर्षीच्या २३ मार्चपासून बंद होती आणि ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. लोकल गाड्याही त्या डिसेंबरात सर्वसामान्यांसाठी खुल्या नव्हत्या. महापालिका क्षेत्रांत रात्रीची संचारबंदी होती. त्यामुळे दुबईचा मुलगा आणि अंधेरीचा भाऊ दोघेही सारखेच दूर राहिले. मोजक्या लोकांत मिस्सा झाली आणि अनेकांनी ती घरी पडद्यावर पाहिली. काही घरांत तर त्या वर्षी गेलेल्या माणसाचा निरोपही नीट घेता आला नव्हता. माणसाचे समोर बसणे ही केवढी देणगी आहे, हे आपल्याला तेव्हा समजले.

आजही रुग्णालयातील परिचारिका, जहाजावरील खलाशी, करारात अडकलेला कामगार आणि परीक्षेसाठी परदेशी थांबलेला विद्यार्थी यांना येता येत नाही. त्यांच्यावर रागावू नये. आखातातील चर्चमध्ये आपला वसईकर फिलिपिनो आणि मल्याळी बांधवांच्या शेजारी गुडघे टेकतो, तेव्हा तोही एका अर्थाने घरीच असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर केवळ सजावट दाखवू नये. आजीला समोर बसवावे आणि दोघांना निवांत बोलू द्यावे. कुटुंबाच्या प्रार्थनेत त्याचे नाव घ्यावे. त्याच्या वाटची करंजी शेजारच्या एकट्या घरी पोहोचवावी.

देव माणसाला दुरून शुभेच्छा देऊन थांबला नाही. तो स्वतः माणसाच्या घरी आला. नाताळचा हा अर्थ ध्यानी घेतला, तर घरी येणाऱ्याचा प्रवास आणि घरच्यांची प्रतीक्षा ही दोन्ही प्रार्थनाच ठरतात. या वर्षी वसईच्या प्रत्येक घरातील ती पुसून ठेवलेली खुर्ची रिकामी न राहो, हीच बाळ येशूच्या चरणी प्रार्थना. येणाऱ्या, जाणाऱ्या आणि वाट पाहणाऱ्या सर्व बंधुभगिनींना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!