तळटीप : ‘थ्री नॉट थ्री’ची ओतीव गोळी
१९४७-४८च्या हैदराबाद मुक्तिलढ्याच्या हकिगती वाढोण्याच्या (आजचे हिमायतनगर) असोत की उमरीच्या, त्यांत ठासणीची बंदूक आणि ‘थ्री नॉट थ्री’ शेजारीशेजारी येतात. मग दोन्हींची गोळी एकाच हिशेबाने ओतायची, असा वाचकाचा समज होतो. तो चुकीचा आहे. ठासणीच्या गुळगुळीत नळीत गोळी जराशी लहानच हवी. चिंधीत गुंडाळून ती गजाने ठासतात. ‘थ्री नॉट थ्री’ या रायफलचे नेमके उलटे. तिच्या नळीत आतून खाचा असतात; नावातले ०.३०३ इंच हे त्या खाचांमधल्या समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर. खाचांच्या तळाशी तेच सुमारे ०.३११ इंच किंवा अधिक भरते, झिजलेल्या नळीत आणखी. कारखान्यातल्या कवचबंद गोळीची गोष्ट वेगळी, पण ०.३०३ इंचाची निव्वळ शिशाची गोळी घातली तर वायू बाजूने निसटतो, नळीला शिशाचा लेप बसतो आणि नेम भरकटतो. म्हणून छापील आकड्यावर विसंबायचे नाही. मऊ शिशाची गुंडी नळीतून ठोकत पार करायची, तिच्यावर उमटलेला खाचांचा ठसा मोजायचा आणि गोळी त्याहून एक-दोन सहस्रांश इंच मोठी घ्यायची. अशाने नळी फुटेल, ही शंका रास्त वाटते. पण एवढ्या फरकाला शिसे दबते, पोलाद नव्हे. खरी अडचण मापनाची आहे : ली-एनफील्डला (हीच ‘थ्री नॉट थ्री’ रायफल) बहुधा पाच खाचा, त्यामुळे खाचेसमोर खाच येत नाही आणि साधा मायक्रोमीटर माप कमीच दाखवतो.