सागाच्या वलयांतील पावसाचा इतिहास

बल्लारपूरचा इतिहास सांगावयास निघालेला मनुष्य बहुधा वर्धा नदीकाठच्या किल्ल्यापासून आरंभ करतो. त्यानंतर ओघानेच गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याची कथा येते. राजाच्या अंगावर गळवे उठली होती आणि कोणत्याही औषधाने गुण येत नव्हता. एके दिवशी तो शिकारीस गेला असता तहानेने व्याकूळ झाला आणि पाणी शोधीत झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला. तेथे एका लहानशा खळग्यात त्यास पाणी सापडले, त्या पाण्याने त्याची व्याधी गेली आणि पुढे त्याच परिसरात चांदा शहर वसले, अशी परंपरा आहे.

या कथेतील चमत्कार आपण सर्व जण आवडीने सांगतो. परंतु नदीचे पात्र कोरडे होते, एवढे वाक्य मात्र सहज बोलून पुढे जातो. ते कोरडे का होते? उन्हाळ्याचे दिवस होते म्हणून, की त्या वर्षी पाऊसच झाला नव्हता म्हणून? दंतकथेस हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, हे आम्ही जाणतो. पण खऱ्या इतिहासासही तो विचारला, तर उत्तर कोठे मिळते? चांद्याचे राज्य १७५१ साली भोसल्यांकडे गेले आणि १८५३-५४ मध्ये नागपूरच्या राज्याबरोबर इंग्रजांकडे गेले, हे आपणांस ठाऊक आहे. राज्य कोणाकडून कोणाकडे गेले हे सांगणारे कागद पुष्कळ आहेत. पाऊस कोणत्या वर्षी आला आणि कोणत्या वर्षी आला नाही, हे सांगणारे कागद मात्र फारच थोडे.

वास्तविक या प्रदेशातील सामान्य माणसाच्या जीवनात राजापेक्षा पावसाची सत्ता मोठी होती. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) पावसाचे म्हणून प्रसिद्ध आहेत. मग जेथे इतका पाऊस पडतो, तेथे गावोगाव तलाव का बांधले गेले? जो तलाव बांधील त्यास जमीन देण्याची रीत गोंड राजांनी का पाडली? कारण उघड आहे. धानास पाऊस किती पडला यापेक्षा केव्हा पडला याचे महत्त्व अधिक. आषाढात धो धो कोसळून भाद्रपदात पाठ फिरवणारा पाऊस आकड्यांत भरपूर दिसतो, पण लोंबीत दाणा भरू देत नाही. तलाव म्हणजे त्या अनुभवाने शिकविलेले शहाणपण होय. मात्र तो अनुभव कोणत्या वर्षांचा, हे तलावाची पाळ सांगू शकत नाही.

पावसाची पद्धतशीर मोजदाद आपल्याकडे फार जुनी नाही. ज्या १८७५ साली पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला, त्याच साली भारताच्या हवामान खात्याची स्थापना झाली. काही ठिकाणच्या नोंदी त्याहून आधीच्या आहेत, हे खरे. तथापि देशभर व्यवस्थित ठेवलेले पावसाचे दप्तर सुमारे दीडशे वर्षांचे आहे, असे म्हणावयास हरकत नाही. त्या दप्तरात १८७७, १८९९, १९१८ आणि १९७२ ही अवर्षणाची वर्षे ठळकपणे नोंदलेली आहेत. त्यामागील काळासाठी बखरी, पत्रे, महसुलाचे हिशेब आणि लोकांच्या तोंडी राहिलेल्या आठवणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

आणि तरीही एक साक्षीदार आपल्या अगदी दाराशी उभा आहे. तो म्हणजे साग.

साग हे पानझडीचे झाड. हिवाळा सरता सरता त्याची पाने गळू लागतात, उन्हाळ्यात ते उघडे उभे राहते आणि पावसाळ्याच्या तोंडी पुन्हा पालवते. वाढीचा हंगाम सुरू झाला की सालीच्या आत नवे लाकूड तयार होऊ लागते. या लाकडात आरंभी पाणी वाहून नेणाऱ्या मोठमोठ्या नळ्या असतात. नुसत्या डोळ्यांनाही त्यांची छिद्रे दिसतात. पुढे हंगाम ओसरू लागला की नळ्या बारीक होत जातात, लाकूड दाट होते आणि शेवटी वाढ थांबते. पुढल्या वर्षी पुन्हा मोठ्या नळ्यांची रांग. या दोहोंच्या सीमेवर जी रेषा उमटते, तिनेच एक वर्ष दुसऱ्यापासून वेगळे होते. ओलावा भरपूर मिळाला तर वलय रुंद होते, न मिळाला तर अरुंद. उष्ण प्रदेशांतील पुष्कळ झाडांत अशी स्पष्ट वलये नसतात. सागात ती असतात, हे आपले भाग्यच म्हणावयाचे.

ओल्या आणि कोरड्या वर्षांचा वलयांशी संबंध आहे, हे इटलीतील लिओनार्दो दा विंची याने पाचशे वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवले होते. परंतु त्याचे शास्त्र बनविले ते अमेरिकेतील ए. ई. डग्लस यांनी. हे गृहस्थ मुळात खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरील डागांचा पृथ्वीच्या हवामानावर परिणाम होतो की काय, हे शोधण्यासाठी ते झाडांकडे वळले. त्यांच्या ध्यानात आले की एका प्रदेशातील झाडांत रुंद व अरुंद वलयांचा क्रम सारखाच असतो. मग जिवंत झाडाच्या आतील वलयांचा क्रम जुन्या घराच्या तुळईतील बाहेरच्या वलयांच्या क्रमाशी जुळविला, तर त्या तुळईचेही वय कळते आणि मालिका आणखी मागे नेता येते. १९२९ साली एका जळक्या तुळईने त्यांच्या दोन तुटक मालिका जोडल्या, आणि ॲरिझोना व न्यू मेक्सिको भागातील आदिवासी वस्त्यांच्या जुन्या अवशेषांना एकाएकी निश्चित सन मिळाले. तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२७६ ते १२९९ या काळात, तेथे दीर्घ अवर्षण पडले होते, हेही त्या लाकडांनीच सांगितले.

सागाच्या बाबतीत पहिले मोठे काम जावा बेटावर झाले. बर्लाख या डच शास्त्रज्ञाने १९३१ साली तेथील सागाच्या वलयांची १५१४ पासूनची मालिका प्रसिद्ध केली. आपल्याकडे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत के. ए. चौधुरी यांनी त्याच सुमारास भारतीय वृक्षांची वलये कशी बनतात, याचा अभ्यास केला. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ साली ठाणे भागातील सागावर निबंध लिहिला. २००७ साली मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या सागावरून १८३५ पासूनच्या पावसाचा अंदाज बांधण्यात आला. २०१० साली बोरगावकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळमधील सागाची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका पुढे मांडली. प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते, त्या एल निनोच्या वर्षांशी निगडित अवर्षणांच्या खुणा तीत दिसून आल्या.

त्याच २०१० साली अमेरिकेतील एडवर्ड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियातील तीनशेहून अधिक वलयमालिका एकत्र करून गेल्या सातशे वर्षांच्या अवर्षणांचे नकाशे तयार केले. त्यांत १७५६ ते १७६८, १७९० ते १७९६ आणि १८७६ ते १८७८ ही मोठी अवर्षणे उठून दिसतात. यांतील दुसऱ्या काळातच दक्षिणेत तो भयंकर ‘कवटीचा दुष्काळ’ पडला. लोकांनी ज्या आपत्तीस नाव दिले, तिची नोंद दूरदूरच्या झाडांनीही ठेविली होती. परंतु या नकाशांत भारतीय द्वीपकल्पातील मालिका फारच तोकड्या होत्या. म्हणजे ज्या भूमीची गोष्ट, तिचेच साक्षीदार थोडे.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. २०११ साली पुण्याच्या त्याच संस्थेतील सोमारू राम, बोरगावकर, मुनोत आणि सिकदर यांनी आलापल्लीच्या सागावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वलयांची रुंदी जमिनीतील ओलाव्याच्या आणि अवर्षणाच्या निर्देशांकांशी ताडून पाहिली, तेव्हा या दोहोंचे चांगले नाते आढळले. आम्हांस या निष्कर्षाचे महत्त्व फार वाटते. पर्जन्यमापकात पडलेले सगळे पाणी झाडाच्या मुळाशी पोहोचत नाही. एका रात्रीत कोसळलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून वर्धा-वैनगंगेस आणि पुढे प्राणहितेस जाऊन मिळतो. झाडाच्या वाट्यास येते ती जमिनीत मुरलेली ओल. धानाच्या बांधीचेही तसेच आहे. म्हणून सागाने सांगितलेला दुष्काळ हा पर्जन्यमापकाच्या दुष्काळापेक्षा शेतकऱ्याच्या दुष्काळास अधिक जवळचा असतो.

येथे थोडा सावधपणा सांगणे आमचे कर्तव्य आहे. एका झाडाची साक्ष कोणी ग्राह्य मानू नये. पावसाने मध्येच दीर्घ खंड दिला तर साग एकाच वर्षात दोन रेषा उमटवितो. फार हलाखीच्या वर्षी एखादे वलय खोडाच्या काही भागात उमटतच नाही. अळ्यांनी ऐन पावसाळ्यात पाने खाऊन टाकली तर पाऊस उत्तम असूनही वलय अरुंद होते. वणव्याचाही परिणाम होतो. शेजारचे मोठे झाड तोडले गेले तर उजेड मिळून वलये एकदम रुंद होतात. त्याचे श्रेय पावसास देणे ही चूक ठरेल. शिवाय कोवळ्या वयात वलये रुंद आणि म्हातारपणी अरुंद, हा झाडाचा स्वभावच आहे. म्हणून अभ्यासक अनेक झाडे घेतात, पोकळ गिरमिटाने खोडातून बारीक कांडी काढून ती काचकागदाने गुळगुळीत करतात, सूक्ष्मदर्शकाखाली वलये मोजतात, त्यांचा क्रम एकमेकांशी जुळवितात आणि वयामुळे पडणारा फरक वजा करतात. मग ज्या वर्षांचा मोजलेला पाऊस ठाऊक आहे, त्या वर्षांवर ही मालिका पारखून घेतात. ती उतरली तरच मागील काळाविषयी तिचे म्हणणे ऐकावयाचे. कोर्टातील साक्षीदाराची उलटतपासणी याहून वेगळी काय असते?

एवढे सांगितल्यावर बल्लारपूरकरांशी या विषयाचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा साक्षीदार रोज आपल्या गावातून जातो. येथील लाकूड आगारात जंगलातील साग येतो, त्याच्या थप्प्या लागतात, लिलाव पुकारला जातो आणि रेल्वेने वा ट्रकने तो देशभर रवाना होतो. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी याच बल्लारपूरहून सागवान गेले, ही अलीकडची गोष्ट आहे. व्यापारी ओंडक्याची लांबी पाहतो, गोलाई पाहतो, पोकळ किंवा गाठीचा आहे की काय ते पाहतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परंतु ओंडका करवतीखाली गेला, बाहेरचे फिकट लाकूड कापून फेकले गेले आणि आतल्या गाभ्याच्या फळ्या झाल्या, की शेवटचे वलय कोणत्या वर्षाचे हे समजण्याचा मार्ग बंद होतो. दार उत्तम होते, पण साक्ष बुडते.

याचा अर्थ लाकूड विकू नये, असा आमचा मुळीच आग्रह नाही. जंगलावर येथील हजारो माणसांचे पोट आहे. आमचे म्हणणे एवढेच की, कूपातून एखादे असाधारण जुने झाड आले, तर त्याच्या बुंध्याची चार बोटे जाडीची एक चकती सालीसकट कापून ठेवावी. झाड कोणत्या कूपातले आणि कोणत्या महिन्यात तोडले, हे तिच्यावर लिहावे. तोडीचे वर्ष ठाऊक असले की सर्वांत बाहेरच्या वलयाचे वर्ष ठरते, आणि तेथून आत मोजत जाता येते. ज्या माहितीवाचून चकती निरुपयोगी ठरते, ती आगाराच्या दप्तरात बहुधा असतेच. ती फक्त लाकडाबरोबर टिकविली पाहिजे. पाडलेल्या जुन्या वाड्यांच्या तुळयांनाही हाच न्याय लावावा. डग्लस यांचे अडलेले काम एका जळक्या तुळईने पुरे केले, हे विसरू नये.

डेहराडूनच्या संग्रहालयात सातशेहून अधिक वर्षे जगलेल्या देवदाराचा एक प्रचंड छेद ठेविलेला आहे. त्याच्या वलयांवर इतिहासातील घटना दाखविल्या आहेत आणि लोक त्यापुढे थबकतात. इतका जुना साग येथील कूपांतून मिळेल असे आम्ही म्हणत नाही. आज येणारे पुष्कळसे साग लागवडीचे किंवा जुन्या खुंटांवर फुटलेले, म्हणजे तरुणच असतात. परंतु आलापल्लीजवळ १९५३ पासून राखून ठेवलेला सुमारे सहा हेक्टरांचा एक वनखंड आहे. २०१४ साली त्यास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तेथे कुऱ्हाड चालत नाही. तेथील उभ्या वृक्षांस इजा न करता जे विचारता येईल ते अभ्यासकांनी विचारावे, आणि आपण येथे पडलेल्यांची साक्ष जपावी, अशी ही वाटणी आहे.

शेवटी एक प्रयोग सुचवितो. पुढे कधी आगारावरून जाल तेव्हा सालीसकट असलेल्या ओंडक्याचे तोंड पाहा. समजा, झाड २०२४ च्या जानेवारीत तोडलेले आहे. तर सालीलगतचे वलय २०२३ च्या पावसाळ्याचे. तेथून आत मोजत जा. बावन्नावे वलय १९७२ चे असले पाहिजे. ते अरुंद आहे की नाही, हे स्वतः पाहा. एका झाडावरून निकाल देऊ नका; दुसरे पाहा, तिसरे पाहा. मग घरी जाऊन ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ सोसला, त्या वडीलधाऱ्यांस त्या वर्षाची हकीकत विचारा. माणसाची आठवण आणि झाडाची नोंद एकमेकांशी पडताळून पाहणे, यालाच आम्ही इतिहासाचा अभ्यास म्हणतो. आणि त्याची सुरुवात करण्यास बल्लारपूरकरांस गाव सोडून जाण्याचे कारण नाही.